मालूबाईच्या बांगड्या

माझ्या बायकोबद्दल चार शब्द सांगायला मला आधी मरावं लागलं. जिवंतपणी मालूबाईकडे नीट बघायला सवड कुठे होती? दिवसभर सिंधीपुऱ्यातल्या वखारीत केळीचे घड बंद खोलीत रचायचे, धूर द्यायचा आणि उद्या पिवळी होतील की काळी पडतील या घोरात घरी यायचं. काळजी हा माझा स्वभावच. ती नेमकी उलट. लोधीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घालून वावरायची. सकाळी पहिली भाकरी तव्यावरून उतरली की मागच्या भिंतीपाशी जाऊन हात वर करायची, बांगड्या खळखळ वाजवायची आणि एक थोटक्या शेपटीचा कावळा येऊन तुकडा घेऊन जायचा. त्या आवाजाने रोज माझी झोपमोड व्हायची आणि रोज मी तिच्यावर ओरडायचो. मूलबाळ नव्हतं, तिने कावळा पाळलाय, असं मी चारचौघांत म्हणायचो. ती हसायची.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि नागपूरने आम्हाला भोपाळच्या हवाली केलं, त्याच पंधरवड्यात मी तापाने गेलो. मला तापीच्या घाटावर नेलं आणि तिथे घोटाळा झाला. आमच्याकडे चिता पेटल्यावर श्रद्धांजलीची भाषणं होतात. पण सुधाकर मास्तरांना शाळेत परतायची घाई, म्हणून त्यांनी पेटवायच्या आधीच सुरुवात केली. माझ्यावरून ते नव्या राज्यावर गेले आणि तिथून मराठी शाळांचं आता कसं होणार यावर. कुणीतरी त्यांना हिंदीत उत्तर दिलं. मग मास्तरांनी त्या उत्तराला उत्तर दिलं. भाषणं इतकी लांबली की मला जाग आली आणि मी सरणावर उठून बसलो. माणसं अशी पांगली, की मास्तरांची एक वहाण घाटावरच राहिली.

मी चालत घरी आलो. मालूबाई दारात उभी होती. किंचाळली नाही, मागे सरकली नाही.

"तुम्ही जिंदा आहे का?" तिने विचारलं.

मी छातीवर हात ठेवून पाहिला. आत काही हलत नव्हतं. नाही, म्हणून सांगितलं.

"मग मागच्या दारानं या."

तिरडीवरून गेलेला माणूस पुढच्या दाराने परत येत नसतो. एवढं भान त्या क्षणी फक्त तिलाच होतं.

जिवंतपणी घोर लागला की छातीत धडधड व्हायची. आता धडधड नव्हती, पण घोर होता तिथेच होता. अंगावर जास्त पिकलेल्या केळीसारखे काळे डाग पडायला लागले. एकदा माझी करंगळी कपाच्या कानात अडकून राहिली. मालूबाईने ती फडक्यात बांधून फडताळात ठेवली आणि चहा दुसऱ्या कपात दिला. चहाला चव नव्हती, भाकरीलाही नव्हती. पण माझा थोरला भाऊ पंडित विचारपूस करायला आला, की माझी नजर त्याच्या गुबगुबीत मानेवर जायची आणि तोंडाला पाणी सुटायचं. मी जमिनीकडे बघत बसायचो. त्याला वाटायचं, मरणाने मी नम्र झालोय.

मेलेल्याचं घरात करायचं काय, यावर बैठक बसली. भटजींनी तोडगा काढला. दहाव्याचा पिंड मांडायचा. कावळा शिवला, तर मी मुकाट्याने सरणावर जायचं. नाही शिवला, तर माझा नवा जन्म धरायचा: बारसं करायचं आणि मालूबाईशी पुन्हा लग्न लावायचं. आमच्यात बांगड्याही दहाव्यालाच फोडतात, म्हणजे तिचं काय तेही त्याच पिंडावर ठरणार होतं. कावळा शिवला की हिरवं काही अंगावर नाही, सणाला पुढे यायचं नाही, आणि पंडितच्या घरी एका कोपऱ्यात राहायचं. मालूबाईला कुणी काही विचारलं नाही.

मला राहायचं होतं. मी रात्रंदिवस एवढंच घोकत होतो, की कावळा येऊ नये.

दहाव्याच्या आदल्या दुपारी ती माझ्यापुढे ताट सरकवत होती आणि मला काय झालं कळलं नाही. तिचं मनगट माझ्या हातात होतं आणि हात माझ्या तोंडाशी. दात काचेवर आपटले. एक बांगडी फुटून ताटात पडली, तेव्हा मी शुद्धीवर आलो. मालूबाईने हळूच हात सोडवून घेतला, मनगट फिरवून पाहिलं आणि तुकडे गोळा केले. मला रडायचं होतं, पण डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी घाटावर सगळे जमले. मला लांब चिंचेखाली बसवलं होतं. पिंड मांडला, पण कावळा फिरकेना. मेलेल्याची इच्छा राहिली असली की असं होतं, म्हणून एकेक जण पुढे येऊन शब्द देऊ लागला. पंडितने भावजयीला सांभाळीन म्हणून सांगितलं. मास्तरांनी पुन्हा घाटावर भाषण करणार नाही असं कबूल केलं, तरी एक पंख हलला नाही. ऊन चढत चाललं. माझ्या मनात आता बारशाला कुणाकुणाला बोलवावं हे सुरू झालं होतं.

मग मालूबाई उठली.

"यांची इच्छा मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "माह्या बांगड्यांले कोणी हात लावाचा नाही. आज नाही, पुढंही नाही. पिंडासमोर कबूल करा."

कुजबुज झाली. भटजी खाकरले. पंडितने एकदा पिंडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मी घरात राहिलो तर काय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "कबूल," तो म्हणाला. पिंडासमोर दिलेला शब्द आमच्यात मागे घेता येत नाही.

मालूबाईने हात वर केला आणि बांगड्या वाजवल्या. थोटक्या शेपटीचा कावळा कुठूनसा आला आणि पिंडावर बसला.

लोकांनी हात जोडले. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने मला घालवलं, हे मला लागलं, फार लागलं. पण तिच्या मनगटावर, जिथे ती एक बांगडी नव्हती, तिथे माझ्या दाताचा ओरखडा होता, आणि तो पाहिल्यावर माझा घोर सुटला. माझी इच्छा तिला माझ्याआधी कळली होती.

मी आपल्या पायांनी सरणावर आलो आहे. लाकडं कोरडी आहेत, मी हात लावून पाहिली. मास्तर गप्प उभे आहेत. मालूबाई बांगड्या सारख्या करते आहे. जन्मभर ज्या आवाजाने माझी झोप मोडली, तो ऐकता ऐकता आता माझे डोळे मिटत आहेत.