चपटी बाजू

शेजारच्या सुधाकररावांना गडाखालच्या माळावर मेटल डिटेक्टर फिरवताना शिशाची एक जुनी गोळी सापडली होती. एका बाजूने चपटी झालेली. कातळावर आदळली असेल, नाहीतर कुणाच्या हाडावर. त्या चपट्या बाजूवर अंगठा टेकवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

काल त्यांनी भिंतीवर लावायला स्वतः बनवलेली ठासणीची बंदूक दाखवली. नव्या नळीला मीठ-व्हिनेगर चोळून मुद्दाम गंज चढवलेला. "अगदी जुनी वाटते ना?"

"आणि ती गोळी?" मी विचारलं.

"वितळवली आणि हिच्यासोबत मांडायला नवी ओतली. बघा, कशी गोल गरगरीत झालीय!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कसली ही हौस? नव्या लोखंडाला खोटं म्हातारपण चोपडायचं आणि खरं म्हातारपण चुलीवर ठेवायचं!

त्यांनी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. माझा अंगठा तिची चपटी बाजू शोधत राहिला.