दाढेचं ऑपरेशन

आमच्याकडे दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. ओळख लागते. डॉक्टर ओळखीचा नसेल तर निदान त्याच्या ओळखीचा माणूस सोबत हवा, नाहीतर आपल्याला कोणी नीट बघणार नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. या मेल्या ओळखीपायी माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेला.

दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे. मुलगी कॉलेजात होती तेव्हा यांच्या कानाखाली गाठ आली. नाशिकला नेऊन काढली, तर लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे लाइट घेतले, तोंड एका बाजूला जरा ओढल्यासारखं राहिलं. घरी आल्या आल्या यांनी मला बजावलं, "कोणी इचारलं तर दाढेचं ऑपरेशन म्हणायचं. कॅन्सरवाल्याचं घर म्हणून नाव झालं तर पोरीला स्थळ येणार नाय." मीही मान डोलावली. तपासणीला जायचो तेसुद्धा बाजाराचं निमित्त करून. गाठ परत आली नाही, छातीचा फोटोही साफ निघायचा. हळूहळू तपासणीला जाणं बंद पडलं आणि तो विषयच आम्ही घरातून काढून टाकला.

मुलीचं कळवणला जमलं आणि त्याच ऑक्टोबर छाटणीत यांचा दंड दुखायला लागला. आता छाटणीत कोणाचा दंड दुखत नाही, सांगा! दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहायचं म्हटल्यावर बागेतल्या प्रत्येकाचे खांदे भरून येतात. "लय लाडात येऊ नका," म्हणत मी बाम चोळून दिला. पण छाटणी उरकली, बाकीच्यांचे खांदे मोकळे झाले, यांचा दंड मात्र ठणकतच राहिला.

मग हाडाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. होणाऱ्या जावयाचे काका म्हणाले, "डॉक्टर आपल्या ओळखीचे हायेत, मी येतो ना." सोयऱ्याला नको कसं म्हणणार? ते आत तपासायच्या खोलीतही आले आणि यांच्या शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसले. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही मोठा आजार? ऑपरेशन?"

"नाय. दाढेचं झालं होतं एकदा," हे म्हणाले.

मी मागेच उभी होते. बोलावंसं वाटलं, पण साखरपुडा तोंडावर आला होता. एक्स-रेत ठळक काही दिसलं नाही. खांदा आखडलाय म्हणून गोळ्या आणि व्यायाम घेऊन आम्ही परतलो.

लग्न थाटात झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बागेत वेलीची काडी मांडवाच्या तारेला बांधायला यांनी हात वर केला आणि कट्‌कन आवाज आला. पडले नाहीत, कशाला धडकले नाहीत, उभ्या उभ्या दंडाचं हाड मोडलं. मनगट खाली लोंबायला लागलं. मी आधी ओरडले आणि मग मला ती जुनी गाठ आठवली. या वेळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. हाडाचा तुकडा तपासायला गेला, तर जुनाच आजार.

"लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर असा लांब दंडाच्या हाडात जाऊन बसणं फार क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. "पण हा आजार होऊन गेलाय हे आधी कळलं असतं तर मी नुसत्या एक्स-रेवर थांबलो नसतो. आजार पुरता गेला नसता, पण हाड मोडायच्या आत काहीतरी करता आलं असतं. हात बहुतेक वाचला असता."

हाडात सळई घातली, पुन्हा लाइट झाले. दुखणं कमी आहे, पण हाड मोडताना हाताची नस गेली ती गेलीच. बोटं उचलत नाहीत. बागेची छाटणी आता दुसरे करतात आणि हे बांधावर बसून त्यांच्यावर खेकसतात.

मध्यंतरी विहीणबाई भेटायला आल्या. स्वयंपाकघरात मी त्यांचे हात धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं. फसवलं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण पोरीला बोलू नका म्हटलं.

त्यांनी माझे डोळे पुसले. "अवो ताई, आम्हाला ठाऊक होतं की! बैठकीच्या आधीच कळलं होतं. तुम्ही दाढेचं म्हणाल्या, म्हटलं असू द्या. कशाला खोदून विचारून माणसाला ओशाळं करायचं?"

"आणि काका?"

"त्यांनीच तर चौकशी केली होती."

म्हणजे त्या खोलीत डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं! भला माणूस! एकदा तरी तोंड उघडलं असतं! पण त्यांना कुठल्या तोंडाने बोलू? माझंही बंदच होतं ना.

विहीणबाई गेल्यावर हे ओट्यावर बसले होते. मी चहा नेऊन दिला. डाव्या हाताने कप धरत म्हणाले, "हात गेला तर गेला गं. आपण गप राहिलो म्हणून पोरीचा संसार तर उभा राहिला. तेवढ्याचं समाधान हाय मला."

"हो," मी म्हटलं, "त्याच्यामुळंच उभा राहिला."