मामांच्या गादीची साक्ष

बसण्याचा इतका खोल विचार करणारा माणूस सोलापुरात आमच्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल, आणि अशा माणसाला मी बसण्याच्याच बाबतीत फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांची थोडी थट्टा करणार आहे आणि ती करण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

मामा, म्हणजे माझ्या पत्नीचे सख्खे मामा, एका कापड गिरणीत कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत ओढून तो कुठल्या गावचा आणि कितव्या वेचणीचा हे ते डोळे मिटून सांगत. एके दिवशी गुदामातल्या थरावरून एक गासडी घसरून त्यांच्या पाठीवर आली आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. मामांचा राग गिरणीवर नव्हता, नशिबावर नव्हता, त्या गासडीवर तर मुळीच नव्हता. कुणी हळहळत चौकशी केली की ते सांगायचे, "दुधनीची होती. माल मात्र पहिल्या प्रतीचा." पुढं ओळखीच्या एका सुतारानं वेताच्या खुर्चीला सायकलची चाकं लावून दिली. डॉक्टरांनी बजावलं की खाली काही बोचलं तरी तुम्हाला कळणार नाही आणि जखम झाली तर ती सहजी भरणार नाही, तेव्हा गादी सांभाळा. मामांनी हे बढतीचा हुकूम आल्यासारखं ऐकून घेतलं. मामींना म्हणाले, "म्हणजे आता कापसाऐवजी गाद्या पारखायच्या."

त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय उरला नाही. सावरीचा कापूस मऊ खरा, पण महिनाभरात बसतो आणि हाड थेट वेताला भिडतं. बाजरीचा कोंडा अंगाचा आकार घेतो, पण सरकत सरकत कडेला जातो आणि मधे खड्डा पडतो. काथ्या आकार सोडत नाही, पण टोचतो. लोकर उत्तम, पण सोलापूरच्या चैत्रात लोकरीवर बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं. पुण्याहून कुणीतरी हवा भरायची रबरी गादी आणून दिली. तिच्यावर त्यांनी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना बसवलं. मी त्याच शाळेत मास्तर होतो. हेडमास्तर शिस्तीवर बोलत असताना गादीनं त्यांच्याखाली सावकाश, लांबलचक सुस्कारा सोडला. ते बोलायचे थांबले आणि मी छताकडं पाहू लागलो. मामा तेवढे गंभीरपणे म्हणाले, "बघा, दहा मिनिटंसुद्धा दम धरला नाही." हेडमास्तरांनी पुढं वर्षभर त्या गल्लीतून जाणं टाळलं.

तर मुख्य प्रकार हा. स्वतःला कळत नाही म्हणून मामा दुसऱ्याच्या अंगानं गादी पारखायचे. घरी आलेल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवायचं, खुर्चीच्या दांडीला टांगलेल्या घड्याळावर अर्धा तास मोजायचा आणि मग जबानी घ्यायची. कुठं लागतं, कधी लागायला लागलं, हाडाला की मांसाला, उठल्यावर पाय झिणझिणतात का. चहा त्यानंतर. नुसतं 'छान आहे' म्हणणाऱ्याला ते म्हणायचे, "तुमचं तोंड सभ्य आहे, त्याला मी विचारतच नाही. बूड काय म्हणतं ते सांगा." गादी भरणारे पिंजारी चाचा तर दारातूनच हात जोडायचे. "मामासाब, चालीस साल गाद्या भरतों. नवरदेव बी इत्ता नै पूछता." मामांचं उत्तर ठरलेलं असे, "नवरदेवाला कळतं चाचा, मला कळत नाही. म्हणून विचारतो."

एकदा माढ्याकडचे एक म्हातारे धनगर लोकर घेऊन आले. मामांनी त्यांनाही बसवलं.

"कसं वाटतंय, बाबा?"

"बरं हाय की."

"बरं म्हणजे कसं? डाव्या अंगाला की उजव्या?"

"आवो, माजा जलम धोंड्यावर बसन्यात गेला. मला कुटं इचारता गादीचं?"

"म्हणून तर विचारायचं. धोंड्यावर बसणाऱ्याला जी गादी बोचेल, ती वाईटच की."

म्हातारबाबांनी हे पटल्यासारखी मान हलवली आणि पाच मिनिटांत ते खुर्चीत घोरू लागले. मामांनी त्यांना दोन तास कुणाला उठवू दिलं नाही. स्वतः तोवर खाटेवर पडून राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून दाखवत राहिले, जणू घरात बाळ निजलं आहे. त्या बैठकीतून त्यांचा सिद्धांत तयार झाला: तळाला काथ्या, मधे कापूस, वर लोकरीचा पातळ थर, आणि बसायच्या जागी कुठंही टाका नको. टाका आला की गाठ आली.

सगळ्या साक्षीदारांत मी मुख्य. एक तर मी त्यांच्यासारखाच किडकिडीत. "जावईबापू, आपली दोघांची हाडं एका मापाची," असं ते अभिमानानं म्हणायचे. दुसरं म्हणजे मी जावई. जावयाच्या शब्दावर त्या घरात कुणी प्रश्न विचारत नसे. मला मात्र या मानाचा कंटाळा यायचा. शनिवारची अर्धी सुट्टी दुसऱ्याच्या खुर्चीत घालवायची, हे काय जावईपण?

संक्रांतीचे दिवस होते, गड्ड्याची जत्रा भरली होती. नव्या सिद्धांताची नवी गादी आली होती आणि मला निरोप होता. मामा मला खुर्चीत बसवून, घड्याळ लावून, मामी ओढत असलेल्या चाकांच्या पाटावरून आंघोळीला गेले. त्यांच्या आंघोळीला अर्धा तास सहज लागायचा. मी दोन मिनिटं बसलो. बाहेर रस्ता माणसांनी फुलला होता, पिपाण्या वाजत होत्या, माझे दोन मित्र कोपऱ्यावर वाट पाहत उभे होते. मी उठलो, खिडकीत गेलो, त्यांना खुणेनं थांबा म्हटलं आणि तिथंच रमलो. आतून मामींची चाहूल लागली तेव्हा पुन्हा येऊन बसलो.

"काय म्हणतं?" मामांनी विचारलं.

"उत्तम. कुठंही लागत नाही."

मामा गादीवरून बोटं फिरवत जरा थांबले. "उजवीकडं बोटाला काहीतरी लागल्यासारखं वाटतं." मग स्वतःच म्हणाले, "पण तुम्ही अर्धा तास बसलात. त्यापुढं बोटांचं काय?" मी जत्रेला गेलो.

पंधरा दिवसांनी मामींना मामांच्या उजव्या बाजूला जखम दिसली. मामा अडीच महिने पालथे पडून होते. मधे ताप इतका चढला की डॉक्टरांनी मामींच्या भावांना बोलावून घ्यायला सांगितलं. मी रोज जायचो, फळं न्यायचो, औषधं आणायचो, आणि जे सांगायला हवं होतं तेवढं तोंडातून बाहेर यायचं नाही.

जखम भरली, पण मामा खुर्चीत बसेनात. कुणी गादीचं नाव काढलं की म्हणायचे, "गादी चोख होती, जावईबापू स्वतः बसले होते. माझंच हाड आता कुठल्या गादीचं ऐकायचं नाही. आणि बोटंही गेली, नसलेलं लागायला लागलंय." आल्यागेल्याला आता लगेच चहा मिळू लागला. पाहुणे सुटल्यासारखे प्यायचे. मामी एकदा मला दाराशी पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "पूर्वी डोकं उठवायचे. आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून असतात. तुमचं ऐकतात ते, काहीतरी बोला की."

त्या दिवशी मी परत आत गेलो. खाटेखालून तीच गादी काढली, खुर्चीवर घातली, घड्याळ दांडीला टांगलं आणि बसलो. मामांनी मान वळवून पाहिलं. पंधरा मिनिटं काही नाही. मग उजव्या हाडाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी जाणवू लागलं, आणि अर्धा तास होईतो बसवेना.

"मामा, लागतंय. उजवीकडं."

त्यांनी हात पुढं केला. मी गादी त्यांच्याजवळ नेली. बोटं थेट त्याच जागी गेली, लोकरीखाली शिरली आणि थांबली. चाचांच्या सवयीच्या हातानं एक टाका पडलाच होता.

"आहे की," मामा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मला गिरणीतल्यासारखा वाटला. मग माझ्याकडं पाहत त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी कसं नाही लागलं?"

"त्या दिवशी मी बसलोच नव्हतो. खिडकीत उभा होतो." एवढं बोलून मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मामा म्हणाले, "तिथं नको, जावईबापू. तिथलं मला काही कळत नाही."

मी त्यांच्या उशाशी आलो, त्यांची बोटं दोन्ही हातांत धरली आणि पुन्हा सांगितलं, "मामा, माझं चुकलं."