थोरल्याचा बायोडाटा
माझं शिक्षण तिसरी. तरी थोरल्याचा बायोडाटा मी दुसऱ्या कुणाला लिहू दिला नाही. नव्वदनंतरची गोष्ट आहे. एका पानाचा कागद, वर गणपती, कोपऱ्यात फोटो. त्याच्या झेरॉक्स सुरतहून जळगाव-धुळ्याकडे जायच्या. कागद पसंत पडला तरच माणसं घर बघायला यायची.

मी लिहिलं होतं : कापड विणायच्या लूमवर कारागीर, आठ मशिनी एकटा चालवतो. दोन ठिकाणांहून कागद परत आला. गावाकडे सुरत म्हटलं की लोकांना साडीचं दुकान दिसतं. पोरगा सत्ताविसाचा झाला होता. एका लग्नात त्यानं चोपड्याकडची एक मुलगी पाहिली होती. तिच्याकडे कागद पाठवा, एवढं एकच त्यानं माझ्याकडे आजवर मागितलं. पण जुना कागद नको म्हणाला. सुरतेत लिंबायतला आमच्या गल्लीत एक मास्तर शिकवणी घ्यायचे, त्यांना तो घरी घेऊन आला.

मास्तर म्हणाले, "काका, 'कापडाच्या व्यवसायात' असं लिहू."

"कापड शेठचं आहे."

"मग आठ मशिनी तरी काढा. शेतकऱ्याला काय कळणार, आठ की ऐंशी?"

"ऐंशी कशाला लिहायच्या? आठच आहेत."

पोरगा म्हणाला, "आबा, माझं लग्न लावताय की मला कामाला लावताय?"

आठ मशिनी राहिल्या. मास्तरांनी जाता जाता खाली जोडलं : स्वभाव शांत. ते मी खोडलं नाही. आत्ताचं बोलणं सोडलं तर पोरानं कधी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. फोटोच्या वेळी स्टुडिओवाल्यानं त्याला कोट चढवला, तो मी उतरवायला लावला. कोट स्टुडिओचा, पोरगा आमचा.

कागद चोपड्याकडे गेला आणि पंधरा दिवसांनी त्या मुलीचे वडील आणि आत्या घर बघायला आले. मी पोराला म्हटलं, चहाचं सांग. त्यानं आईला सांगितलं. ती आतून म्हणाली, "साखर कितली टाकू?" मी सांगितलं. एवढंच झालं.

मुलीचे वडील उठून उभे राहिले. "तुमच्या घरात काही भांडण चाललंय का? आम्ही मग येतो."

"भांडण कसलं? चहाचं चाललंय," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. "यात शांत स्वभाव लिहिलंय."

"शांतच आहे."

आत्यानं कानावर पदर घेतला.

बारा-बारा तास लूमच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस घरीही ओरडूनच बोलतो. मी आणि पोरगा दोघंही लूमवरचे; आमच्यासोबत राहून बायकोचाही आवाज तसाच झाला होता. अख्खी गल्ली तशी, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पाहुण्यांना हे सांगता आलं असतं. पण आमचे कान गेलेत, असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "चला, कारखाना बघून घ्या."

कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. आत मुलीच्या वडिलांनी काहीतरी विचारलं, मग तेच ओरडून विचारलं. पोरानं त्यांच्या ओठांकडे बघून त्यांना पाण्याच्या माठाशी नेलं. आत्या फिरून आठही मशिनी बघून आली. अर्ध्या तासानं आम्ही बाहेर आलो.

आत्या भावाला ओरडून म्हणाली, "पोरगा कामाचा आहे."

तो तेवढ्याच जोरात म्हणाला, "मी इथेच उभा आहे ना, ओरडतेस कशाला?"

मग दोघांनी आपापले कान चोळले. थोड्या वेळानं आत्या पोराजवळ आली. "आमची मुलगी हळू बोलते. तुला ऐकू येईल?"

मी मध्ये बोलणार होतो, पण त्यानं मला हातानं थांबवलं. म्हणाला, "पाठमोरी बोलली तर नाही येणार. समोर असली तर तोंड बघून कळतं."

"म्हणजे ती बोलेल तेव्हा हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघावं लागेल."

"हो."

"आमच्या घरात एवढं कुणी बघत नाही," आत्या म्हणाली.

आमच्या घरातली उणी बाजू पोरानं परक्या माणसाला रस्त्यावर सांगितली, हे मला अजिबात आवडलं नाही. पण रिक्षात बसायच्या आधी मुलीच्या वडिलांनी, मुलीला कुंकू लावून लग्न पक्कं करायला आम्ही कधी यायचं तो वार सांगितला, म्हणून पोराला रागवायचं राहून गेलं.