गाडीच्या पोटाखालचा बाळाराम

बाळाराम झोपेतच गेल्याचं मला कळंबच्या एका फार्महाऊसवाल्यांनी फोनवर सांगितलं. "आमच्या गाडीचं पोट रंगवणारे ते..." असं म्हणून ते अडले. नाव त्यांना आठवेना. मला चांगलंच आठवत होतं. खालापूरकडच्या मोटारींच्या कारखान्यात मी रंगखात्याचा सुपरवायझर होतो आणि बाळाराम माझा खड्ड्यातला माणूस.

साखळीला लावलेल्या गाड्या डोक्यावरून सरकायच्या आणि त्यानं खाली खड्ड्यात उभं राहून, मान वर करून त्यांच्या तळाला फवारा मारायचा. एका गाडीला दीड मिनिट. रंग तोंडावर गळायचा, वर बघावं तर पत्राच पत्रा. चौदा वर्षं त्यानं हे केलं. "सायेब, येकदा वर घ्या ना मला. दरवाजं मारीन, बॉनेट मारीन. लोकांना दिसंल असं कायतरी करू द्या," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. तीनदा त्यानं अर्ज दिला. तिन्ही माझ्या खणात राहिले. त्याच्यासारखा हात खड्ड्यात दुसरा नव्हता. तो वर गेला असता तर माझी लाईन अडली असती. त्याला मात्र मी सांगायचो, "वरच्यांना तुझा हात पसंत नाही रे." ही थाप मारताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही, याची आज लिहिताना लाज वाटते.

कारखाना बंद पडला आणि तो कडावला आपल्या भातशेतीत रमला. सुटला बिचारा, असं मला वाटलं होतं. मग मागच्या वर्षी कळंबच्या या गृहस्थांनी आमच्याच कारखान्यातली एक जुनी गाडी घेतली. त्यांना तिचा तळसुद्धा कारखान्यातून निघाला तसाच हवा होता. मी बाळारामचं नाव सुचवलं... म्हणजे पुन्हा मीच त्याला खड्ड्यात उतरवलं.

पहिल्या खेपेला त्यानं फार्महाऊसवरच्या खड्ड्यात उतरून तळ इतका सुबक रंगवला की बघत राहावं. मालक नाराज! कारखान्यात तांबड्या अस्तरावर निळा रंग घाईघाईत मारला जायचा, गाडी धरणाऱ्या चिमट्याखालची जागा कोरी राहायची, कुठे ओघळ यायचा. त्यांना तेच हवं होतं. बाळाराम हसला. "आरामात मारल्यावर तसं कसं येईल? सायेब, तुमी वर उभं राहा नि वरडा." तळ पुन्हा तांबडा करून वाळवला. मी घड्याळ धरून उभा राहिलो आणि पूर्वीसारखा ओरडलो, "चल, चल, सुटली!" दीड मिनिटात त्यानं ओघळासकट सगळं जसंच्या तसं उतरवलं. वर आला आणि त्यानं तोंडावरचा रंग पुसला. "ती चौदा वर्सं गेलीच नाय बगा कुठं," एवढंच म्हणाला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परवा कडावला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी अंगणातल्या खाटेवर बसवलं. ही त्याची खाट. पावसाळा सोडला तर तो घरात निजत नसे, छत अंगावर येतं म्हणायचा. चहा हातात देऊन त्या म्हणाल्या, "सायेब, येक इचारू? त्यांचा हात खरंच चांगला नव्हता का हो? शेवटपर्यंत म्हणायचे, माज्या हातात कायतरी कमी हाय."

"हात चांगला होता, वहिनी. फार चांगला," मी म्हणालो. "म्हणूनच मी त्याला वर येऊ दिलं नाही."

माझ्या हातातला अर्धा भरलेला कप त्यांनी काढून घेतला आणि आत गेल्या. उघड्या आभाळाखाली मी त्या खाटेवर बसून राहिलो... उठताच येईना.