मिन्जीच्या वडिलांना दोन नमस्कार

तुम्ही मला बऱ्यापैकी समजूतदार बाई समजता ना? मग हे ऐका आणि मत बदलून टाका. माझ्या हातून एकदा असं काही झालंय की अजूनही शेजारच्या घराची बेल दाबताना माझं बोट क्षणभर अडखळतं.

लॉकडाऊनचा पहिला मे महिना. आपल्या वसईत तेव्हा आंबे आणि घाम, आणि इथे सिडनीत पानगळ. मी वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळची शिफ्ट संपवून दुपारी कॅसल हिलला घरी परत यायचे तेव्हा रस्ते इतके रिकामे असायचे की मी गाडी चालवतेय की झोपेत आहे तेच कळायचं नाही. लाल-पिवळी पानं रस्ताभर, मऊ ऊन, आणि माणूस कुठेच नाही. एकदा सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला, तरी मी आपली पानं बघत बसलेली. मागून हॉर्न द्यायलाही कुणी नव्हतं.

आणि दिवसभर कानावर एकच गोष्ट. अमक्याचे वडील गेले, तमक्याची आई गेली, जाता आलं नाही, फोनवरच शेवटचं बघितलं. हे लक्षात ठेवा. माझी बाजू मांडायला माझ्याकडे एवढंच आहे.

आमच्या शेजारी मिन्जी राहते. कोरियाची, बुसान गावची. एकटीच असते, वेबसाइटची चित्रं काढायचं काम घरून करते, आणि तेव्हा तिचे केस निळे होते. अगदी दौतीतल्या शाईसारखे निळे. आमची गप्पांची जागा म्हणजे मधलं कुंपण.

एक गोष्ट मी बरेच दिवस बघत होते. ही मुलगी फोनवर पाय पसरून, लोळून, केळं खात बोलायची. पण मधूनच एखादा फोन आला की ताडकन उभी राहायची आणि संपेपर्यंत उभीच. शेवटी मी विचारलं, "बॉसचा असतो का?"

"वडिलांचा," ती म्हणाली. "हेडमास्तर होते."

"पण त्यांना कुठे दिसतंय तू उभी आहेस ते?"

"आवाजावरून कळतं त्यांना." मग हसली. "कन्फ्युशियसला जाऊन अडीच हजार वर्षं झाली, मर्सी. पण माझ्या वडिलांच्या मते तो बाजूच्या खोलीत बसलाय आणि सगळं ऐकतोय. मोठ्यांसमोर बसायचं नाही, मोठ्यांची चूक काढायची नाही, आईबापांना एकटं सोडायचं नाही. मी केस निळे केले तेव्हा ते चार महिने बोलले नाहीत. पण पहिले दोन नियम मी पाळते."

तिसरा पाळणं तिच्या हातात नव्हतं. बुसानला जायची विमानं बंद होती.

तर एका दुपारी मी गाडीतून उतरतेय आणि मिन्जी कुंपणापाशी आली. तोंडाला मास्क. आणि नेमका पलीकडच्या अंगणात एक माणूस यंत्राने पानं उडवत होता. इथे झाडू मारत नाहीत, भोंग्यासारखं यंत्र लावून पानं शेजाऱ्याकडे ढकलतात. त्या घरघरीत मिन्जी काहीतरी सांगत होती. मला ऐकू आलं ते एवढं: "माय फादर... पास्ड... सॅटर्डे... बिग टेबल... कॅनॉट गो... प्लीज कम."

आणि तिचे डोळे भरलेले.

आता सांगा, तुम्ही काय समजला असता?

मी कुंपणावरून तिच्या दंडावर हात ठेवला. नंतर आठवलं की हात लावायचा नसतो, आणि काढून घेतला. "मिन्जी, आम्ही येऊ. दोघंही." घरी दोन पाहुण्यांना बोलवायची परवानगी नुकतीच मिळाली होती.

आत जाऊन सायमनला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. तो डायनिंग टेबलवर ऑफिस मांडून बसलेला. म्हणाला, "बिचारी. मग आपण काय करायचं असतं?"

तेच तर. मी फोनवर वाचायला बसले. तीन दिवस वाचत होते. कोरियात अजून पूर्वजांची पूजा कशी चालते, टेबलावर फळांच्या राशी कशा रचतात, पांढरी शेवंती दुःखाच्या प्रसंगाला कशी नेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमस्कार. गुडघ्यांवर बसून, हातांवर कपाळ टेकवून, पूर्ण. जिवंत माणसाला एकदा, मृताला दोनदा. हे दोनदा माझ्या मनात पक्कं बसलं.

हॉलमध्ये योगाची चटई टाकून आम्ही सराव केला. सायमनचा डावा गुडघा दुखरा. तो म्हणाला, "मर्सी, मी एकदाच करतो. देव समजून घेईल."

"देव घेईल. हेडमास्तर घेणार नाहीत."

शेवंती मिळायला काहीच त्रास झाला नाही. इथे मदर्स डेला पांढरी शेवंती द्यायची पद्धत आहे, त्यामुळे दुकानात बादल्या भरून उरलेली. मी सगळ्यात मोठा गुच्छ उचलला.

शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही तिच्या दारात. मी काळ्या ड्रेसमध्ये, सायमन काळ्या सुटात, वर काळा टाय. दार उघडलं आणि मिन्जी उभी. गुलाबी, झुळझुळीत, पायघोळ पारंपरिक पोशाखात, निळ्या केसांत चांदीची पिन. मला वाटलं, असेल बाई, त्यांच्याकडे शोकात गुलाबी घालत असतील. आपण कोण बोलणार?

तिने आमच्याकडे बघितलं, मग फुलांकडे बघितलं. तिचं हसू जरासं अडलं. पण दोन्ही हातांनी गुच्छ घेतला आणि वाकून आभार मानले. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी ना. मोठ्यांची चूक काढायची नाही. तिने तिथे एक शब्द उच्चारला असता तर आज मी तुम्हाला दुसरंच काही सांगत असते.

"तुम्ही बसा, वडील तयार आहेत," ती म्हणाली. "मी चहा आणते." आणि ती आत गेली.

वडील तयार आहेत. किती सुंदर बोलली, असं मला वाटलं.

ती खोली मला अजून डोळे मिटले की दिसते. पडद्यातून आलेलं उन्हाचं पिवळं पाणी जमिनीवर पसरलेलं. बाहेर एकेक पान तरंगत खाली येत होतं, घाई नसल्यासारखं. समोर बुटकं टेबल, त्यावर सफरचंदं, नाशपती, संत्री एकावर एक रचून केलेले मनोरे, तांदळाच्या रंगीत मिठाया. आणि मधोमध लाकडी चौकटीत वडील. राखाडी रेशमी अंगरखा, ताठ मान, गुडघ्यांवर हात. चौकटीतून किंचित उजेड येत होता. हल्ली फोटोही असे मिळतात. आवाज कसलाच नाही.

मी सायमनला खूण केली. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो, गुडघ्यांवर बसलो, कपाळ हातांवर टेकवलं. जमिनीला लाकडाचा आणि संत्र्यांचा वास येत होता. उठलो. मी परत खाली जाणार, तर सायमन उभाच.

"अजून एक," मी हळूच म्हटलं.

"गुडघा, मर्सी."

"कुणाचे तरी वडील गेलेत, सायमन. तुझा गुडघा काय घेऊन बसलास?"

तो कण्हत खाली गेला. दुसरा नमस्कार झाला. पण तेवढ्यावर माझं मन भरेना. आम्ही वसईचे कॅथलिक, प्रार्थनेशिवाय कसं निघायचं? मी गुडघ्यांवरच बसून क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि मराठीत, शांतपणे, अगदी मनापासून, त्या माणसाच्या आत्म्यासाठी प्रभूकडे चिरशांती मागितली. त्यांचे अपराध माफ कर असंही म्हटलं. हेडमास्तर होते, म्हणजे मुलांना मारलं असेलच.

डोळे उघडून म्हणाले, "चेहरा किती शांत आहे. फार भोगलेलं दिसत नाही."

सायमन अजून ओणवाच होता. गुडघा धरला होता त्याचा. त्याच अवस्थेत तो म्हणाला, "मर्सी, फोटोने चष्मा सरळ केला."

"गप्प बस."

"आता तो माझ्याकडे बघतोय."

मी बघितलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मग अतिशय सावकाश, अतिशय सभ्यपणे, त्यांनी मान लववली.

खोटं नाही सांगत, क्षणभर मला वाटलं, माझी प्रार्थना फळली.

तेवढ्यात मिन्जी ट्रे घेऊन आली. जमिनीवर सायमन, त्याच्या शेजारी गुडघ्यांवर मी, आणि वडिलांचे ओठ हलतायत. तिने पटकन ट्रे ठेवला, चौकटीला बोट लावलं आणि आवाज सुरू झाला. तो टॅबलेट होता. व्हिडिओ कॉल. ते बुसानहून थेट आमच्यापुढे बसलेले, इतका वेळ न हलता, कारण नमस्कार घेणाऱ्याने चुळबुळ करायची नसते.

"मर्सी," मिन्जीने हळूच विचारलं, "तुम्ही दोनदा नमस्कार केला?"

"हो," मी म्हणाले. आणि काय सांगू, त्यातही मला थोडा अभिमान वाटत होता. "मी वाचलं होतं."

मिन्जी खाली बसली. मग मला तिने सांगितलं, आणि मी तिला सांगितलं, आणि पानं उडवणाऱ्या त्या माणसाचा हिशेब लागला. "पास्ड" नव्हतंच, "पासिंग सेव्हन्टी" होतं. वडिलांची सत्तरी. सत्तरीला मुलांनी समोर उभं राहून वाकायचं असतं, ती जाऊ शकत नव्हती, म्हणून डोळे भरलेले. बाजूला कुणीतरी आपलं असावं, म्हणून आम्हाला बोलावलं होतं.

आणि आम्ही काळे कपडे घालून, पांढरी शेवंती घेऊन, वाढदिवसाला त्या माणसाला पोचवून मोकळे झालो होतो.

वडिलांनी काहीतरी विचारलं. मिन्जीचा चेहरा पांढरा पडला. बापाशी खोटं बोलता येत नाही आणि पाहुणीची लाजही काढता येत नाही, अशी ती मधे अडकलेली. मीच म्हटलं, "सांग त्यांना. सगळं सांग. प्रार्थनेचंही सांग."

तिने उभं राहून सांगितलं. ते ऐकत होते, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वसईच्या शाळेतला हेडमास्तरांच्या केबिनबाहेरचा बाक आठवला. मग ते बराच वेळ बोलले आणि मिन्जी एकेक वाक्य इंग्रजीत करू लागली.

"ते म्हणतात, पद्धत बरोबर आहे. माणूस चुकला."

मी मान खाली घातली.

"ते म्हणतात, पहिला नमस्कार आज घेतो. दुसरा जपून ठेवतो, पुढे लागणारच आहे. तेव्हा विमानं बंद असली तरी तुम्हाला परत त्रास नको."

आणि मग ते हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. मिन्जी म्हणाली की तिने त्यांना असं हसताना याआधी दोनदाच पाहिलंय.

त्यानंतर मिन्जीने वाकून तिचा नमस्कार केला. एकच. गुलाबी कापड जमिनीवर पसरलं आणि निळे केस त्यात मिसळले, आणि ती बराच वेळ उठलीच नाही. तिची पाठ हलत होती. वडील कॅमेऱ्याच्या बाहेर, कुठेतरी बाजूला बघत राहिले. सायमनने माझा हात धरला. उन्हाचं पाणी सरकत सरकत फळांवर चढलं होतं. त्या खोलीत सिडनीही नव्हती, बुसानही नव्हतं. मधलंच काहीतरी गाव होतं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

पण मी घरी आले ती पार विरघळलेली. माझे पप्पा वसईला, वय अठ्ठ्याहत्तर. कधी त्यांना वाकून नमस्कार केलाय मी? फोन केला की औषध घेतलं का, मास्क लावला का, एवढंच. मी तशीच, त्या काळ्या ड्रेसमध्ये, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे अकरा. पप्पा ओट्यावर पेपर वाचत होते.

"पप्पा, जरा नीट बसा," मी म्हटलं. फोन टेबलावर टेकवला आणि वाकले. एकदाच. मोजून एकदा.

वर आले तर पप्पांचा चष्मा कपाळावर आणि तोंड उघडं.

"काय झालं गं?"

"काही नाही, पप्पा. नमस्कार केला. आशीर्वाद द्या." आणि मला रडू आलं.

त्यांनी आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला. मी समाधानाने चहा टाकला.

अर्ध्या तासाने वहिनीचा फोन. "मर्सी, तू पप्पांना काय सांगितलंस? त्यांनी कपाटातून चांगला कोट काढून उन्हात घातलाय. आणि फादरना फोन करून विचारतायत, लॉकडाऊनमध्ये मयताला किती माणसं येऊ देतात."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पप्पांच्या रक्ताचा रिपोर्ट वहिनीने गेल्याच आठवड्यात मला पाठवला होता. मुलगी लॅबमध्ये म्हणून सगळे रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात.

मी घाईघाईने पप्पांना लावला. "पप्पा, रिपोर्ट उत्तम आहे. साखरसुद्धा नॉर्मल आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"मग पाया का पडलीस?"

"असंच. आदर वाटतो म्हणून."

मग पप्पा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, सत्तेचाळीस वर्षांत एकदा तरी वाटला होता का? घाबरू नकोस. किती दिवस राहिलेत, तेवढं सांग."