‘ड’ तुकडीचे पेपर

सातवीपर्यंत आम्ही दोघी मैत्रिणी मंगळवार पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत एकाच बाकावर बसलो. आठवीला हायस्कुलात गेलो आणि पहिल्याच दिवशी सातवीच्या मार्कांवरून आमची वाटणी झाली. मी ‘अ’ तुकडीत, यादीत सगळ्यात शेवटी. ती ‘ड’ मध्ये. वार्षिक परीक्षेच्या वेळी तिला कावीळ झाली होती, पण ते विचारतंय कोण?

‘अ’ ला माडीवरचा वर्ग आणि गणिताला आमचे वर्गशिक्षक सर. ‘ड’ सायकल स्टँडशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. त्यांच्या गणिताच्या तासाला पी.टी.चे सर यायचे आणि पोरांना मैदानावर चुन्याची फक्की मारून रेघा आखायला न्यायचे. चाचणीचा पेपर मात्र सगळ्या तुकड्यांना एकच. सगळ्यांना सारखा न्याय म्हणे!

ती संध्याकाळी माझी वही न्यायची, सकाळी परत द्यायची. मला दोनदा सांगून कळायचं नाही ते तिला नुसत्या वहीतून कळायचं. त्याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आमच्या वर्गशिक्षक सरांचा एक नियम होता. चाचणीत ‘ड’ मधल्या कुणाला ‘अ’ मधल्या शेवटच्यापेक्षा जास्त मार्क पडले, की दोघांची अदलाबदल. खाली जाणाऱ्यानं भर तासाला दप्तर उचलायचं आणि वर्गानं टाळ्या वाजवायच्या. त्यानं म्हणे जिद्द येते.

पहिल्या चाचणीत मला वीसपैकी अकरा पडले, वर्गात सगळ्यात कमी. ‘ड’ चे पेपर तपासायचा सरांना कंटाळा. त्यांनी फळ्यावर उत्तरं लिहिली, गठ्ठा आमच्यात फिरवला आणि स्वतः वर्तमानपत्र उघडलं. गठ्ठ्यात मला तिचं अक्षर दिसलं. तो पेपर मी मुद्दाम ओढून घेतला.

तिला तेरा पडत होते. ऋण गुणिले ऋण धन, असं तिनं लिहिलं होतं. फळ्यावरही तेच होतं. मी त्या तीन मार्कांच्या गणितावर लाल फुली मारली. दहा.

मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन माझ्याकडंच आली.

“ह्ये कसं चुकलं गं? तुझ्या वहीत तर आसंच हाय की.”

“वहीतलंच चुकलंतं. सरांनी मागनं सांगितलं. ऋण गुणिले ऋण ऋणच येतंय.”

“व्हय?”

“मग? दोन्हीबी उणं, तर जास्त कुठनं हुईल?”

तिला ते पटलं. “बरं झालं तू ‘अ’ मधी हाईस,” ती म्हणाली. “न्हायतर आमास्नी कोण सांगणार?”

त्यानंतर मी तिला वही दिली नाही. सरांनी मनाई केलीय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या चाचणीत ऋण संख्यांचीच पाच गणितं आली. या वेळी पेपर सरांनी स्वतः तपासले आणि तिला आमच्या वर्गात बोलावून घेतलं. फळ्यावर आधी तिचं उत्तर लिहिलं, खाली बरोबर उत्तर लिहिलं.

“पाचही अशीच चुकलीस. कुणी शिकवलं हे तुला?”

ती फळ्याकडं बघत राहिली. मग वळून माझ्याकडं बघितलं. मी वहीत डोकं घातलं.

“कुणी न्हाय, सर. माझं मीच.”

सरांनी हातावर पट्टी मारली. “बघा रे ‘ड’ ची अक्कल,” म्हणाले. वर्ग हसला. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.